समतुल्य रोध आणि समतुल्य व्होल्टेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदविकेच्या पहिल्या वर्षाला मी विद्युत परिपथ शिकवते. मुलं दरवर्षी नवी असतात, अडतात मात्र त्याच जागी. सूत्रं पाठ असतात, पण आकृतीत हात कुठे घालायचा ते उमगत नाही. घरात, शेतावर किंवा दुरुस्तीच्या टेबलावर याच विषयाशी झगडणारी माणसंही विचारत असतात. त्या सगळ्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत. शाळेच्या पुस्तकातले रोध, एकसर आणि समांतर हे शब्द कॉलेजात रेझिस्टन्स, सिरीज आणि पॅरलल होतात. मी दोन्ही वापरते, तुम्हीही वापरा. गणितं मात्र नुसती वाचू नका, शेजारी कागद घ्या.

“समतुल्य” म्हणजे नेमकं कशाच्या तुल्य?

एक बंद डबा आहे असं समजा. आत वीस रोध आणि चार बॅटऱ्या वाटेल तशा जोडल्या आहेत, बाहेर फक्त दोन तारा आल्या आहेत. त्या दोन तारांना तुम्ही काहीही जोडा, बल्ब, मोटर, मीटर. डबा जसा वागेल तसाच वागणारा दुसरा, अगदी साधा डबा बनवता आला, तर तो पहिल्याचा समतुल्य. बाहेरून कोणतीही मोजणी करून दोघांतला फरक सांगता येत नाही.

यातले “दोन तारा” हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. समतुल्य रोध हा परिपथाचा गुण नसतो, परिपथातल्या दोन टोकांमधला असतो. १०, २० आणि ३० ओहमचे तीन रोध त्रिकोणात जोडा. १० ओहमच्या दोन टोकांतून पाहिलं, तर एका वाटेने १० आणि दुसऱ्या वाटेने २० + ३० = ५०, म्हणजे समांतर जोडणीत ८.३३ ओहम. २० च्या टोकांतून पाहिलं तर १३.३३. ३० च्या टोकांतून पाहिलं तर १५. त्रिकोण एकच, उत्तरं तीन. म्हणून “या परिपथाचा समतुल्य रोध किती?” एवढाच प्रश्न कुणी विचारला, तर आधी “कुठल्या दोन टोकांमधला?” असं विचारा. माझ्या वर्गात गणित सुरू करण्याआधी ती दोन टोकं लाल पेनाने गोल करावी लागतात. हा एक गोल केला की निम्म्या चुका होतच नाहीत.

सिरीज आणि पॅरलल आकृतीत ओळखायचं कसं? मला दोन्ही सारखेच दिसतात.

कारण तुम्ही आकृतीचा आकार बघता. शेजारी काढलेले रोध समांतर असतीलच असं नाही, आणि एका रांगेत काढलेले एकसर असतीलच असंही नाही. आकार विसरा, जोडणी बघा.

रंगीत पेन्सिली घ्या. एका टोकापासून सुरुवात करून सलग तार जिथपर्यंत जाते तिथपर्यंत एकच रंग द्या. वाटेत रोध किंवा बॅटरी आली की थांबा, पलीकडच्या तारेला दुसरा रंग. तार कितीही वळली, फाटे फुटले, तरी मध्ये काही घटक नसेल तर रंग तोच. एका रंगाची सगळी तार म्हणजे एक नोड. आता प्रत्येक रोधाला त्याच्या दोन टोकांच्या रंगांनी नाव द्या: लाल-निळा, निळा-हिरवा. ज्या दोन रोधांची जोडी तीच, ते समांतर. ज्या दोघांचा एक रंग सामाईक आहे आणि त्या रंगाला तिसरं काहीही चिकटलेलं नाही, ते एकसर.

याची एक चांगली परीक्षा आहे. तीन रोध, प्रत्येकी ६ ओहम, एका रांगेत. रांगेच्या पहिल्या टोकापासून एक तार उडी मारून दुसऱ्या आणि तिसऱ्या रोधाच्या मधल्या जागी जोडली आहे. दुसरी तार पहिल्या आणि दुसऱ्या रोधाच्या मधून निघून रांगेच्या शेवटच्या टोकाला गेली आहे. बहुतेक मुलं १८ लिहितात. रंग देऊन पाहा. पहिलं टोक आणि दुसरा सांधा लाल, पहिला सांधा आणि शेवटचं टोक निळं. तिन्ही रोध लाल-निळे निघतात! तिन्ही समांतर, उत्तर २ ओहम. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की मग आकृती कितीही वाकडी काढलेली असो, तुम्ही फसत नाही.

समांतर आणखी एक रोध जोडला तर एकूण रोध कमी कसा होतो?

समांतर जोडणीत तुम्ही अडथळा वाढवत नाही, वाट वाढवता. घरातली लवचीक वायर सोलून बघा. आत केसांसारख्या बारीक तारांचा झुपका असतो. त्यातली एकच तार घेतली तर तिचा रोध बराच असतो. तशा ३६ तारा शेजारी शेजारी ठेवल्या की रोध एका तारेच्या ३६ व्या हिश्श्यावर येतो. प्रत्येक नवी तार स्वतःची विद्युतधारा वाहून नेते आणि जुन्यांच्या वाटेत येत नाही. म्हणून समांतर जोडणीचं उत्तर त्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षाही नेहमी लहान असतं. ही गोष्ट पडताळणीसाठी हाताशी ठेवा.

समांतरची उत्तरं पटकन काढायची काही युक्ती?

रोध सारखे असतील तर संख्येने भागा. एक रोध दुसऱ्याच्या ठरावीक पट असेल, तर मोठ्याला “पट अधिक एक”ने भागा: १२ आणि ४ मध्ये १२ हा ४ च्या तिप्पट, म्हणून १२ ÷ ४ = ३. एक रोध दुसऱ्याच्या शंभरपट किंवा अधिक असेल, तर मोठा जवळजवळ नसल्यासारखाच. रोधावरची सोनेरी पट्टी पाच टक्के कमीजास्त होऊ शकतं असं सांगत असते, तिथे एका टक्क्यासाठी जीव आटवू नये.

आणि एक सावधगिरी. “गुणाकार भागिले बेरीज” हे सूत्र दोनच रोधांसाठी आहे. २, ३ आणि ६ ओहम समांतर असताना ३६ ÷ ११ = ३.२७ लिहिलेलं मी किती वेळा तपासलं असेल! खरं उत्तर १ ओहम. ३.२७ हे सर्वांत लहान रोधापेक्षा, म्हणजे २ पेक्षा मोठं आहे, तेव्हा ते चूक आहे हे गणित न करताही कळायला हवं.

सेल जोडले की व्होल्टेज कसं धरायचं?

एकसर जोडणीत दिशा बघून बेरीज-वजाबाकी. तीन दीड व्होल्टचे सेल नीट लावले तर ४.५ व्होल्ट. त्यातला एक उलटा बसला तर १.५ + १.५ − १.५ = १.५ व्होल्ट. सेलचा आतला रोध मात्र उलटा होत नाही. तिघांचाही आतला रोध मिळवावाच लागतो.

इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीला समांतर नवी बॅटरी जोडली तर किती व्होल्ट मिळतील?

सरासरी नाही, आणि बेरीज तर नाहीच. प्रत्येक बॅटरीचा आतला रोध ठरवतो की कोणाचं किती चालणार. समजा नवीचं व्होल्टेज १२.६ आणि आतला रोध ०.०५ ओहम. जुनीचं १२ व्होल्ट आणि ०.१ ओहम. बाहेर काहीच जोडलेलं नसतानाही दोघींमध्ये ०.६ व्होल्टचा फरक आहे आणि वाटेत एकूण ०.१५ ओहम आहे. म्हणून ०.६ ÷ ०.१५ = ४ अँपिअर धारा नवीतून जुनीत नुसती फिरत राहील. दोघींच्या टोकांवर व्होल्टेज येईल १२.६ − ४ × ०.०५ = १२.४. समतुल्य रोध ०.०५ आणि ०.१ समांतर, म्हणजे ०.०३३ ओहम.

बाहेरून पाहणाऱ्याला ही १२.४ व्होल्टची उत्तम बॅटरी दिसते. जुनीचं व्होल्टेज वर आलं की ही धारा कमी होते. पण जुनी चार्ज धरून ठेवू शकत नसेल, तर ती नवीला सतत ओरबाडत राहते. म्हणून समांतर जोडायच्या बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्याव्यात.

सेल मीटरवर १.४ व्होल्ट दाखवतो, तरी टॉर्च लागत नाही. मीटर खोटं बोलतं का?

मीटर खरंच बोलतं, तुम्ही त्याला अर्धाच प्रश्न विचारला आहे. मल्टिमीटर सेलमधून जवळजवळ काहीच धारा घेत नाही. धारा नाही, तर आतल्या रोधावर व्होल्टेज पडत नाही, आणि थकलेला सेलही चांगला दिसतो.

सेलला १० ओहमचा रोध जोडा आणि रोध जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजा. समजा १ व्होल्ट आलं. मग धारा १ ÷ १० = ०.१ अँपिअर. आतमध्ये १.४ − १ = ०.४ व्होल्ट हरवलं, म्हणून आतला रोध ०.४ ÷ ०.१ = ४ ओहम. चांगल्या नव्या अल्कलाइन सेलमध्ये हाच आकडा एका ओहमच्या बराच खाली असतो. सेल संपतो तेव्हा त्याचं व्होल्टेज थोडं उतरतं आणि आतला रोध खूप वाढतो.

इथे तुम्ही नकळत एक मोठी गोष्ट केलीत. सेलच्या आतली सगळी रसायनं बाजूला ठेवून त्याचं वर्णन दोन आकड्यांत केलंत: १.४ व्होल्ट आणि ४ ओहम. थेव्हेनिनचा सिद्धांत म्हणतो, रोध आणि बॅटऱ्यांसारख्या सरळ वागणाऱ्या घटकांच्या प्रत्येक डब्याबाबत हे करता येतं.

थेव्हेनिनचा सिद्धांत एका गणितात समजावून सांगाल का?

१२ व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकाला ४ ओहमचा रोध, त्याच्या पुढे एक सांधा. सांध्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत १२ ओहमचा रोध. याच १२ ओहमच्या दोन टोकांना आपण लोड, म्हणजे वीज वापरणारा घटक, जोडणार आहोत. लोड कधी ६ ओहमचा असेल, कधी १५ चा, कधी ३ चा.

पहिलं काम: लोड काढा, टोकं उघडी ठेवा. आता १२ व्होल्ट ४ आणि १२ ओहममध्ये वाटलं जातं. १२ ओहमवर येतं १२ × १२ ÷ १६ = ९ व्होल्ट. हे समतुल्य व्होल्टेज.

दुसरं काम: बॅटरी काढून तिच्या जागी कोरी तार ठेवा आणि त्याच उघड्या टोकांतून आत बघा. एका वाटेने १२ ओहम, दुसऱ्या वाटेने ४ ओहम. दोन्ही समांतर, म्हणजे ३ ओहम. हा समतुल्य रोध.

झालं. अख्ख्या परिपथाच्या जागी ९ व्होल्टची बॅटरी आणि तिच्या पुढे एकसर ३ ओहम. ६ ओहमचा लोड जोडला तर ९ ÷ ९ = १ अँपिअर. १५ चा जोडला तर ९ ÷ १८ = ०.५ अँपिअर. ३ चा जोडला तर ९ ÷ ६ = १.५ अँपिअर.

विश्वास ठेवू नका, तपासा. मूळ परिपथात ६ ओहमचा लोड जोडला की १२ आणि ६ समांतर ४ होतात. त्यात वरचे ४ मिळवून ८. बॅटरीतून १.५ अँपिअर निघते, सांध्यावर ६ व्होल्ट येतं, लोडमधून १ अँपिअर जाते. उत्तर तेच. तीन लोडसाठी मूळ परिपथ तीनदा सोडवावा लागला असता. इथे एकदाच दुमडला आणि मग प्रत्येक लोडला एका ओळीत उत्तर मिळालं. सिद्धांताची गरज याच ठिकाणी आहे. लोड एकच असेल आणि बदलणार नसेल, तर सरळ सोडवलेलं बरं.

समतुल्य व्होल्टेज ९ आलं, पण लोड जोडल्यावर मीटर ६ दाखवतं. चुकलं कुठे?

काहीच चुकलं नाही. ९ हे उघड्या टोकांचं. लोडमधून १ अँपिअर सुरू झाली की ३ ओहमवर ३ व्होल्ट खर्च होतात आणि ६ उरतात.

रोध काढताना बॅटरीच्या जागी तार का ठेवायची? बॅटरी काढली तर जागा मोकळी नको का राहायला?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला फार आवडतो, कारण बाकीचे हा नियम नुसता पाठ करतात.

रोध म्हणजे “धारा थोडी बदलली तर व्होल्टेज किती बदलतं” याचं माप. आदर्श बॅटरीतून धारा कितीही बदलली तरी तिचं व्होल्टेज तसूभर बदलत नाही. म्हणजे बदलाच्या दृष्टीने तिचा रोध शून्य, आणि शून्य रोध म्हणजे तार. आदर्श धारास्रोताचं उलट: व्होल्टेज कितीही बदललं तरी त्याची धारा बदलत नाही. बदलाला तिथून वाटच नाही, म्हणून त्याची जागा उघडी. खऱ्या बॅटरीचा आतला रोध असतो, तो मात्र जागच्या जागी ठेवायचा.

हे सगळं कागदावर. टेबलावर खऱ्या बॅटरीच्या टोकांना तार लावू नका. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडते, तार वितळते, हात भाजतात. ओहम मोजायचे असतील तर बॅटरी खरोखर बाहेर काढा, तिच्या रिकाम्या जागी तुकडा तार जोडा आणि मग मीटर लावा. चालू परिपथात मीटर ओहमवर ठेवलं तर आकडा चुकतो आणि मीटरही बिघडू शकतं.

हा थेव्हेनिन कोण?

लेआँ शार्ल थेव्हेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला अभियंता. त्याने हा सिद्धांत १८८३ साली प्रसिद्ध केला. त्याआधी तीस वर्षं, १८५३ मध्ये, जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने प्राण्यांच्या स्नायूंमधल्या विजेचा अभ्यास करताना हेच मांडलं होतं. स्नायूच्या आत विजेचे उगम कुठे आणि किती ते दिसत नाही, हातात फक्त बाहेर टेकवलेली दोन टोकं. बंद डब्याचा प्रश्न त्याच्यापुढे अक्षरशः जिवंत उभा होता.

नॉर्टनचा सिद्धांत वेगळा शिकावा लागतो का?

नाही. तोच डबा, फक्त व्होल्टेज आणि एकसर रोधाऐवजी धारास्रोत आणि समांतर रोध. वरच्या उदाहरणात टोकं शॉर्ट केली, म्हणजे तारेने थेट जोडली, तर ९ ÷ ३ = ३ अँपिअर. म्हणून नॉर्टनचा डबा ३ अँपिअर आणि ३ ओहम. शाखा समांतर असतील तेव्हा हा सोयीचा पडतो, एवढंच. अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतल्या नॉर्टनने आणि जर्मनीत सीमेन्समधल्या हान्स फर्डिनांड मेयरने तो एकाच वर्षी, १९२६ मध्ये, वेगवेगळा मांडला. याच मेयरने १९३९ मध्ये नाझी जर्मनीची शस्त्रसंशोधनाची गुपितं ऑस्लोमधून ब्रिटिशांपर्यंत पोचवली होती. परीक्षेत हे येणार नाही, पण त्या माणसाचं नाव पुस्तकात नॉर्टनच्या शेजारी असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

९ व्होल्टच्या बॅटरीतून दोन रोध लावून ३ व्होल्ट काढले, मीटरवर ३ दिसतात, पण खेळण्याची मोटर जागची हलत नाही. का?

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. बहुधा तुम्ही २ किलोओहम आणि १ किलोओहम घेतलेत. उघड्या टोकांवर बरोबर ३ व्होल्ट. पण समतुल्य रोध बघा: २००० आणि १००० समांतर, म्हणजे ६६७ ओहम. मोटर फिरत नसताना तिचा रोध दहा ओहमच्या आसपास धरू. धारा ३ ÷ ६७७, म्हणजे साधारण ४.४ मिलिअँपिअर, आणि मोटरवर पडतं ०.०४ व्होल्ट. मोटरला जाग येणार कशी?

दोन रोधांची ही वाटणी संदेश पोचवायला चांगली आहे, काम करून घ्यायला नाही. ५ व्होल्टच्या सेन्सरचा संदेश ३.३ व्होल्टच्या बोर्डला द्यायचा असेल, तर १ आणि २ किलोओहम छान चालतात, कारण बोर्डाची पिन धारा जवळजवळ घेतच नाही. मोटरसाठी दोन सेल लावा, किंवा व्होल्टेज कमी करणारं तयार मॉड्यूल घ्या.

मोजलेलं व्होल्टेज गणितापेक्षा कमी येतं. रोध खराब आहेत का?

आधी मीटरचा रोध विचारात घ्या. ९ व्होल्टवर १० लाख ओहमचे दोन रोध एकसर. मध्ये ४.५ यायला हवं. साधारण डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १ कोटी ओहम असतो, आणि परिपथाचा त्या टोकांतून दिसणारा रोध ५ लाख. मीटर दाखवेल ४.५ × १०० ÷ १०५ = ४.२९. आमच्या प्रयोगशाळेतल्या काट्याच्या जुन्या मीटरवर, म्हणजे व्होल्टला २० हजार ओहमच्या मीटरवर, १० व्होल्टच्या रेंजला मीटरचा रोध फक्त २ लाख ओहम, म्हणून हाच बिंदू १.२९ दाखवतो. मी दोन्ही मीटर एकाच बेंचवर शेजारी ठेवून हा प्रयोग करून घेते. मीटर हाही एक लोड आहे हे त्या दिवशी मुलांना पटतं, आणि मग कधी विसरत नाहीत.

सिरीजही नाही आणि पॅरललही नाही अशी आकृती आली तर?

बहुतेक वेळा तो व्हीटस्टन सेतू असतो. वरच्या वाटेवर १० आणि २०, खालच्या वाटेवर ३० आणि ६०, आणि दोन्ही वाटांच्या मधल्या सांध्यांना जोडणारा एक पाचवा रोध. आधी गुणोत्तर बघा. १० ला २० तसे ३० ला ६०. सेतू संतुलित आहे, पाचव्यातून धारा वाहत नाही. तो काढून टाका: ३० आणि ९० समांतर, २२.५ ओहम. त्याच्या जागी तार ठेवून केलंत तरी १० व ३० चे ७.५ आणि २० व ६० चे १५, बेरीज २२.५. दोन्ही मार्गांनी उत्तर तेच येतं, हे बघून मला अजूनही समाधान वाटतं.

संतुलित नसेल तर त्रिकोणाचा तारा करा, म्हणजे डेल्टा-स्टार. केनेली या अभियंत्याने १८९९ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. ताऱ्याची प्रत्येक भुजा = त्रिकोणात त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या दोन रोधांचा गुणाकार ÷ तिघांची बेरीज. तिन्ही ३० असतील तर तारा १०-१०-१० चा. आकृती सममित असेल तर याचीही गरज पडत नाही. समान व्होल्टेजचे बिंदू शोधा आणि ते एकत्र जोडून टाका.

न संपणारी शिडी असेल तर?

एक ओहम आडवा, एक ओहम उभा, पुन्हा आडवा, पुन्हा उभा, असं अनंतापर्यंत. बेरीज करत बसू नका. शिडी अनंत आहे, तेव्हा पहिलं घर (एक आडवा, एक उभा) कापून टाकलं तरी उरलेली शिडी पहिल्यासारखीच. तिचा रोध “क्ष” माना. क्ष = १ + क्ष ÷ (१ + क्ष). सोडवलं की क्ष वर्ग − क्ष − १ = ०, उत्तर १.६१८ ओहम. सुवर्ण गुणोत्तर रोधांच्या शिडीत निघतं!

समतुल्य डबा कुठे चालत नाही?

दोन ठिकाणी. एक, आतला हिशेब. वरच्या १२ व्होल्टच्या उदाहरणात लोड काढला तरी मूळ परिपथात ०.७५ अँपिअर वाहतच असते आणि ९ वॅट उष्णता होते. समतुल्य डब्यात लोड नसताना धारा शून्य, उष्णता शून्य. बॅटरी किती वेळ टिकेल, रोध किती तापेल, हे मूळ परिपथातच पाहावं लागतं.

दोन, व्होल्टेज दुप्पट केल्यावर धारा दुप्पट होत नाही असे घटक. एलईडी, डायोड आणि तंतूचा बल्ब. २३० व्होल्टच्या ६० वॅट बल्बचा पेटलेला रोध २३० × २३० ÷ ६० = ८८२ ओहम. तोच बल्ब थंड असताना मीटरवर याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो. असा एक घटक असेल तर त्याला लोड माना, बाहेर ठेवा आणि उरलेल्याचा डबा करा.

परीक्षेत गुण कुठे जातात?

लोड काढायला विसरणं. लोड काढून व्होल्टेज काढणं पण रोध काढताना तो परत आत धरणं. अवलंबी स्रोताच्या (ज्याचं व्होल्टेज किंवा धारा परिपथातल्या दुसऱ्या जागच्या व्होल्टेज-धारेवर ठरते) जागी तार ठेवणं: तो स्रोत मारायचा नसतो. उघडं व्होल्टेज भागिले शॉर्ट धारा, किंवा बाहेरून १ व्होल्ट लावून आत जाणारी धारा मोजणं, या रीतीने रोध काढायचा. आणि शेवटची समतुल्य आकृती न काढणं.

शेतातल्या बोअरची सिंगल फेज मोटर गुणगुणते, सुरू होत नाही. विजेच्या मीटरपाशी २३० व्होल्ट आहेत. याचा या विषयाशी संबंध आहे का?

पूर्ण आहे. मोटरच्या टोकांतून मागे बघा: एक २३० व्होल्टचा उगम आणि त्याच्या पुढे एकसर, तारेचा रोध. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. मीटरपासून बोअर १०० मीटर असेल तर जाण्या-येण्याची तार २०० मीटर, म्हणजे जवळजवळ १.५ ओहम. चालू मोटर ८ अँपिअर घेत असेल तर तारेत १२ व्होल्ट जातात, मोटरला २१८ मिळतात, ती आनंदाने चालते. पण सुरू होताना मोटर कित्येक पट धारा ओढते. ४० अँपिअर धरा. तारेतच ६० व्होल्ट गेले, मोटरला उरले १७०. त्या व्होल्टेजवर तिला पुरेसा जोर येत नाही, ती गुणगुणते, आणि तशीच राहिली तर वाइंडिंग जळतं. एसीमध्ये धारा आणि व्होल्टेज एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. तार ॲल्युमिनियमची असेल तर रोध त्याच जाडीला दीडपटीहून अधिक.

उगमाचं व्होल्टेज मीटरपाशी मोजून काही कळत नाही, कारण तेव्हा तुम्ही दुसऱ्याच दोन टोकांत बघत असता. वायरमनला सांगा, मल्टिमीटरचे प्रोब मोटरच्या स्टार्टर पेटीत लावा आणि मोटर सुरू करण्याच्या क्षणी आकडा किती खाली येतो ते बघा. स्वतः करू नका, ओल्या जमिनीवर उभं राहून तर मुळीच नाही. पेटी बोअरपाशी असेल आणि तिथे आकडा कोसळत असेल, पण त्याच क्षणी मीटरपाशी टिकत असेल, तर दोष मधल्या तारेचा: जाडी कमी आहे किंवा एखादा सांधा सैल आहे. दोन्हीकडे कोसळत असेल, तर आतला रोध मीटरच्या मागे आहे, सर्व्हिस वायरीत किंवा डीपीवर, आणि नवी मोटर घेऊन तो जाणार नाही. दोन्हीकडे टिकूनही मोटर फिरत नसेल, तेव्हा कॅपॅसिटर तपासायला घ्या.